बाळ घरी येईपर्यंत: नाशिकमधल्या दत्तक-इच्छुक पालकांसाठी तयारीची सविस्तर वाट

दत्तक घ्यायचं पक्कं झालं की बहुतेक जोडपी थेट संस्थेच्या दारात जातात आणि विचारतात, "लहान बाळ आहे का?" नाशिकमध्ये हे दार म्हणजे घारपुरे घाटावरचा आधाराश्रम. तिथे बाळं असतात, पण कोणतं बाळ कुणाला द्यायचं हे संस्था आपल्या मनाने ठरवू शकत नाही. देशभरातल्या इच्छुक पालकांची एकच यादी आहे. ती केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवर चालते. त्यामुळे तुमचं घर घारपुरे घाटापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलं तरी तुमचं बाळ लातूरच्या किंवा ओडिशातल्या एखाद्या संस्थेत असू शकतं.

या यादीत तीस हजारांहून अधिक पालक आहेत. २०२४-२५ या वर्षात देशात कायदेशीर दत्तकं झाली ४,५१५, आणि हा आकडा मागच्या दशकभरातला सर्वात मोठा होता. निरोगी आणि दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर तीन-साडेतीन वर्षं थांबण्याची मनाची तयारी ठेवावी लागते, कधी त्याहूनही जास्त. मी स्वतः दत्तक आई आहे आणि आमच्यानंतर या वाटेने निघालेल्या बऱ्याच घरांशी बोलत आले आहे. कागद सगळ्यांचे पूर्ण होतात. अपुरी राहते ती घरातल्या माणसांची तयारी, आणि बाळ आल्यावर त्रास होतो तो त्याच ठिकाणी. म्हणून या लेखात मी कागदांपेक्षा मधल्या काळावर जास्त लिहिणार आहे.

आधी पात्रता बघा

नियम २०१५ च्या बाल न्याय कायद्यातले आणि २०२२ च्या दत्तक नियमावलीतले आहेत. धर्माची अट नाही. लग्न होऊन किमान दोन वर्षं झालेली असावीत आणि दोघांची संमती हवी. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, कोणीही दत्तक घेता येतं. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. घरात आधीच दोन किंवा अधिक मुलं असतील तर फक्त विशेष गरजा असलेल्या किंवा ज्यांना सहसा घर मिळत नाही अशा मुलांचाच विचार होतो.

वयाचा हिशेब नवरा-बायकोच्या वयांच्या बेरजेवर असतो. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ही बेरीज ८५ पेक्षा जास्त नको, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि आठ ते अठरासाठी ११०. एकट्या पालकासाठी हेच आकडे ४०, ४५, ५० आणि ५५ आहेत. शिवाय मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं. उदाहरणार्थ, नवरा ४५ आणि बायको ४२ असेल तर बेरीज ८७ होते, म्हणजे तान्ह्या बाळासाठी नोंदणी होणार नाही, दोन ते चारच्या गटात होईल. उपचारांमागे वर्षं गेलेल्या जोडप्यांना हे उशिरा कळतं आणि फार लागतं. उपचार चालू असतानाच ही बेरीज एकदा करून बघा.

नोंदणी आणि कागद

नोंदणी पोर्टलवर स्वतःच करायची असते, एजंट लागत नाही. संगणकाची सवय नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात मदत मिळते. नाशिकमध्ये हे काम जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाच्या अखत्यारीत येतं.

कागद असे लागतात: दोघांचा फोटो, पॅन कार्ड, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, दोघांच्या तब्येतीबद्दल डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि ओळखीच्या दोन व्यक्तींची शिफारसपत्रं. घटस्फोट झालेला असेल किंवा जोडीदार हयात नसेल तर त्याचे कागद. घरात पाच वर्षांवरचं मूल असेल तर त्याची संमतीही विचारली जाते. नोंदणी केल्यापासून ३० दिवसांत हे सगळं अपलोड करायचं असतं, म्हणून कागद गोळा करूनच नोंदणीला बसा.

अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे विवाह नोंदणी. गावाकडे मंगल कार्यालयात लग्न झालं, पत्रिका आहे, अल्बम आहे, पण नोंदणीच केलेली नाही, अशी जोडपी आजही भरपूर आहेत. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात उशिराची नोंदणी होते, पण साक्षीदार आणि कागद जमवण्यात आठवडे जातात. दुसरं म्हणजे शेतकऱ्यांचं उत्पन्न. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्ष बागाईतदाराचं उत्पन्न वर्षातून एकदा येतं आणि पगाराची पावती नसते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, बँकेचं पासबुक आणि विवरणपत्र भरत असाल तर त्याची प्रत एकत्र ठेवा.

तब्येतीच्या प्रमाणपत्रात काही लपवू नका. थायरॉइड किंवा आटोक्यातला मधुमेह असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तसं स्पष्ट पत्र घ्या. गृहभेटीत गोळ्यांचं पाकीट दिसलं आणि अर्जात उल्लेख नसला, तर आजारापेक्षा लपवाछपवीचा प्रश्न मोठा होतो.

अर्जात पसंती विचारतात: मुलगा, मुलगी की कोणीही, वयोगट, तब्येत आणि राज्य. इथे शांतपणे बसून बोला. आपल्याकडे मुलीसाठी थांबणारे पालक बरेच आहेत आणि दत्तक जाणाऱ्या मुलांमध्ये मुलींची संख्या जास्त असते. पसंती जितकी अरुंद, तितका काळ जास्त. पण वाट कमी व्हावी म्हणून जे पेलणार नाही त्याला होकारही देऊ नका. मोठ्या वयाचं किंवा विशेष गरजा असलेलं मूल घ्यायची मनापासून इच्छा असेल तर बाळ लवकर घरी येऊ शकतं. अशा मुलांची माहिती पोर्टलवर वेगळी दिलेली असते. ‘विशेष गरजा’ या शब्दाने दचकू नका. त्यात शस्त्रक्रियेने बरा होणारा दुभंगलेला ओठही येतो आणि आयुष्यभर सोबत राहणारं अपंगत्वही येतं. बालरोगतज्ज्ञाला घेऊन एकेक यादी वाचा आणि मग ठरवा.

गृहभेट

कागद पूर्ण झाले की समाजकार्यकर्त्या घरी येतात आणि गृह अध्ययन अहवाल, सगळे ज्याला होम स्टडी म्हणतात तो, लिहितात. तो साधारण ६० दिवसांत होतो आणि तीन वर्षं चालतो. नोंदणी आणि होम स्टडीचं शुल्क ६,००० रुपये आहे. पावती घ्या.

त्या दिवसासाठी घर रंगवायची गरज नाही. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरातून, भाड्याच्या घरातून, एकत्र कुटुंबातून दत्तकं होतात. त्यांना बघायचं असतं की दोघांची इच्छा सारखी आहे का, की एकजण दुसऱ्याच्या दुःखापोटी मान डोलावतो आहे. नवरा-बायकोशी वेगवेगळं बोलतात. सासू-सासऱ्यांशीही बोलतात. आपलं मूल होत नाही याचं दुःख किती पचलं आहे हा प्रश्न येतोच, आणि तो टाळू नये. "आता काही वाटत नाही" असं म्हणण्यापेक्षा "दुसऱ्या आयव्हीएफनंतर मी वर्षभर कुणाच्या डोहाळजेवणाला गेले नाही, आता जाते" हे उत्तर जास्त खरं असतं. समोरची बाई रोज अशी घरं बघते, तिला खरं-खोटं कळतं. दिवसा बाळ कोण सांभाळणार, अंबडच्या कंपनीत शिफ्ट असेल तर रात्री काय, तुम्हाला काही झालं तर बाळाचं कोण बघणार, याची उत्तरं आधी आपापसात ठरवून ठेवा.

वाट पाहण्याचा काळ

होम स्टडी मंजूर झाली की फोन थांबतात. पोर्टलवर यादीतला क्रमांक दिसत राहतो. सुरुवातीला माणसं रोज बघतात, काही महिन्यांनी बघवत नाही. महिन्यातून एक ठराविक दिवस ठेवा, त्या दिवशी दोघांनी मिळून बघा आणि बाकी दिवस सोडून द्या. पण चार गोष्टींवर लक्ष असू द्या: मोबाइल नंबर आणि ईमेल बदलला तर लगेच नोंदवा, पासवर्ड दोघांकडे असू द्या, घर, नोकरी, गर्भधारणा, आजार असा कोणताही मोठा बदल कळवा, आणि अहवालाची तीन वर्षं संपायच्या आधी तो पुन्हा वैध करून घ्या. नंबर बदलल्यामुळे रेफरल, म्हणजे पोर्टलवरून येणारा बाळाचा प्रस्ताव, हुकणं याइतकं वाईट काही नाही.

याच काळात कुणीतरी येऊन सांगतं, "एका नर्सिंग होममध्ये मुलगी झालीय, आईला नकोय, थोडा खर्च करावा लागेल." वर्षानुवर्षं थांबलेल्या माणसाला हा मोह होतो, मला तो समजतो. पण हा बाळांचा बाजार आहे. बाल न्याय कायद्यात मूल विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. त्यात रुग्णालयातला माणूस असेल तर शिक्षा तीन ते सात वर्षं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते बाळ तुमच्या हातून परत घेतलं जातं, आणि कुठल्यातरी आईचा निर्णय तिच्याकडून विकत घेतलेला असतो. कायद्याने आपलं बाळ स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. रस्त्यावर किंवा पाळण्यात सापडलेल्या बाळाच्या पालकांचा शोध घेतला जातो. बाळ दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत, मोठं असेल तर चार महिन्यांत बालकल्याण समिती ते दत्तकासाठी मुक्त आहे की नाही हे ठरवते. या पायऱ्या तुम्हाला छळायला नाहीत, बाळाचं पहिलं घर खरोखर बंद झालं आहे ना हे बघायला आहेत. तुमच्या ओळखीत खरंच अशी अडचणीतली आई असेल तर तिला बालकल्याण समितीकडे किंवा संस्थेकडे न्या, किंवा १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा. ते बाळ आपल्यालाच मिळेल ही आशा मात्र ठेवू नका.

आता घरातली माणसं. आजी-आजोबांना शेवटच्या महिन्यात सांगणारे लोक असतात. तसं करू नका. त्यांच्या मनात जे प्रश्न असतात ते दोन वर्षं बोलून हळूहळू निवतात, दोन आठवड्यांत निवत नाहीत. "कुणाचं रक्त, कुठली जात?" हा पहिला प्रश्न. संस्था जात सांगत नाही आणि दत्तकाच्या जुळणीत जातीला जागा नाही. "पत्रिका कशी करायची?" हा दुसरा. जन्मवेळ बहुतेकदा माहीत नसते, सापडलेल्या बाळाची तारीखही डॉक्टरांच्या अंदाजाने ठरलेली असते. पत्रिकेवाचून ज्यांचं अडतं त्यांनी हे आधीच स्वीकारायला हवं. "मोठं झाल्यावर खऱ्या आईबापाकडे गेलं तर?" हा तिसरा, आणि याच्यामागे भीती असते. कायद्याने दत्तक आदेशानंतर मूल सर्वार्थाने तुमचंच होतं, जन्मलेल्या मुलाला असतात ते सगळे हक्क त्याला मिळतात, वारसाही. हे आजोबांना कागदावर दाखवा. आमच्या पिढीपेक्षा त्यांचा कागदावर विश्वास जास्त.

आजीशी वाद घालू नका, तिला काम द्या. दुपटी शिवणं, कुंची, झबली, जुन्या लुगड्याची गोधडी. गोधडी शिवता शिवता आजी बाळाबद्दल बोलायला लागते. घरात ती ‘दत्तक’ म्हणत होती आणि एक दिवस ‘नातू’ म्हणाली, असं मी दोन-तीन घरांत पाहिलं आहे. तरीही एखादी आजी मानत नाही. मग पहिले काही महिने बाळ कुणाच्या हातात द्यायचं नाही हे दोघांनी ठरवावं लागतं, आणि तेही आधीच.

घरात आधीचं मूल असेल तर त्याला "तुझ्यासाठी खेळायला भाऊ आणतोय" असं सांगू नका. येणारं बाळ रडेल, तुझे आईबाबा थकतील, आणि तुझी खोली तुझीच राहील, हे सांगा.

बाहेरच्यांसाठी दोन वाक्यं पाठ करून ठेवा. संक्रांतीच्या हळदीकुंकवात कुणी विचारेलच, "काय गं, तुमचं काही कळलं का?" त्याला "यादीत आहोत, आनंदाची बातमी आली की सांगू" एवढंच पुरे. बाळ आल्यावर "याची खरी आई कोण?" विचारलं तर, "मीच. आणि ज्या आईने जन्म दिला तिची गोष्ट बाळाची आहे, ते मोठं झालं की सांगेल ज्याला सांगायची त्याला." बाळाच्या पूर्वायुष्याची जी माहिती मिळेल ती आत्या-मावशीलाही सांगू नका. एकदा भिशीत गेलेली गोष्ट परत येत नाही, आणि दहा वर्षांनी ती शाळेच्या मैदानात दुसऱ्या मुलाच्या तोंडून बाळाला ऐकू येते.

स्वतःला शिकवायचंही याच काळात. तान्ही बाळं असलेल्या भावंडाकडे जा, अंघोळ घाला, रात्र जागा. नाशिकमध्ये दत्तक पालक शोधले तर सापडतात, संस्थेतल्या समाजकार्यकर्त्या ओळख करून देतात. त्यांच्या घरी जेवायला जा आणि त्यांच्या मुलांना नुसतं खेळताना बघा. माझ्या मते याने जेवढं मन तयार होतं तेवढं कोणत्याही वाचनाने होत नाही. दूध पाजण्याची इच्छा असलेल्या आईने स्त्रीरोगतज्ज्ञ आणि स्तनपान सल्लागाराशी आधीच बोलावं. बाळंतपण न होताही थोडंफार दूध येऊ शकतं, पण त्याची तयारी महिनोन्‌महिने आधी सुरू करावी लागते. नाही आलं तरी बाळ छातीशी धरून बाटली पाजता येते.

रजेचंही आत्ताच बघा. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दत्तक आईसाठी १२ आठवड्यांची रजा आली, पण बाळ तीन महिन्यांहून लहान असण्याच्या अटीवर. बाळ दत्तकासाठी मुक्त व्हायलाच साधारण दोन महिने जातात, त्यापुढे जुळणी. मग या अटीत बसणारी आई किती? केंद्र सरकारी सेवेतल्या स्त्रियांना एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी १८० दिवस मिळतात. खाजगी नोकरीत असाल तर आज तुम्हाला कोणता नियम लागू आहे आणि कंपनीचं स्वतःचं धोरण काय, हे एचआरकडून लेखी घ्या, आणि हक्काची रजा आत्तापासून साठवा. बाबांनीही साठवायची. आरोग्य विम्यात बाळाचं नाव कधी आणि कसं घालता येतं तेही विचारून ठेवा.

पाळणा, कपाटभर कपडे, रंगवलेली खोली हे मात्र थांबवा. बाळ चार महिन्यांचं असेल की दीड वर्षाचं, हे माहीत नसताना घेतलेल्या वस्तू रोज डोळ्यांसमोर राहतात आणि मन खातात. मेनरोडवर अर्ध्या दिवसात सगळं मिळतं.

रेफरल आला की

एक दिवस संदेश येतो. पोर्टलवर बाळाचा फोटो, बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल दिसतो, आणि बाळ राखून ठेवायला ४८ तास असतात. मागची सगळी तयारी या दोन दिवसांसाठी असते. म्हणून बालरोगतज्ज्ञ आधीच ठरवलेला असावा, "असा अहवाल आला तर त्याच दिवशी बघाल का?" हे त्यांना विचारलेलं असावं. तुमच्या पसंतीच्या डॉक्टरकडून अहवाल तपासून घ्यायचा हक्क नियमांनीच दिला आहे.

डॉक्टरांना या गोष्टी विचारा: जन्माचं वजन आणि आताचं वजन, डोक्याचा घेर, दिवस पूर्ण भरले होते का, एचआयव्ही आणि कावीळ-बीच्या तपासण्या, थायरॉइड, ऐकू येतं का, नजर स्थिरावते का, मान धरली का. संस्थेकडून ताजं वजन मागा. संस्थेत वाढलेली बाळं बऱ्याचदा वयाच्या मानाने बारीक असतात आणि दोन-तीन महिने मागे असतात. घरी आल्यावर त्यातलं पुष्कळ भरून निघतं. सगळं भरून निघेल अशी हमी मात्र कोणताही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही, पोटच्या बाळाबद्दलही देत नाही. फोटो बघून लगेच माया आली नाही तर घाबरू नका. कित्येकांना ती महिन्यांनी येते.

तीन रेफरल मिळतात. तिन्ही नाकारले तर वर्षभर नोंदणी बंद राहते. नकार द्यायचा असेल तर तो कारण समजून द्या, रंग सावळा आहे म्हणून देऊ नका. सावळा रंग हेच कारण असेल तर खरं म्हणजे यादीतून आपणच बाहेर पडावं.

बाळ राखून ठेवलं की संस्थेत जाऊन भेटायचं, दत्तक समितीशी बोलायचं. हे सगळं ३० दिवसांच्या आत पूर्ण होतं. संस्थेला बाल संगोपन निधी म्हणून ५०,००० रुपये द्यायचे असतात. या ठरलेल्या शुल्काशिवाय देणगी, भेटवस्तू, "कार्यक्रमाचा खर्च" असं काही मागितलं तर देऊ नका आणि ‘कारा’कडे तक्रार करा.

भेटीला जाताना एक मऊ दुपटं किंवा आईची वापरलेली ओढणी न्या आणि बाळाजवळ ठेवायला विचारा. सांभाळणाऱ्या ताईंशी तासभर बोला, कारण खरी माहिती त्यांच्याकडे असते. दूध कोणत्या डब्याचं, किती चमचे, किती वाजता, बाटलीचं बूच कसं, झोपवताना थोपटतात की डोलवतात, काय म्हणून हाक मारतात, अंगावर झोपायची सवय आहे की नाही. हे लिहून घ्या. बाळ ज्या ताईच्या कडेवरून तुमच्याकडे येणार आहे तिचा एक फोटो संस्थेच्या परवानगीने काढून ठेवा. पुढे बाळाला ती दाखवता येईल.

घरी आल्यावरचे पहिले महिने

संस्थेत अनेक हातांनी सांभाळलेल्या बाळाला एक माणूस आपला असतो हे माहीत नसतं. काही बाळं अजिबात रडत नाहीत, आणि नातेवाईक म्हणतात, "किती शहाणं बाळ!" रडून कुणी येत नाही हे शिकल्यामुळे ते गप्प असतं. म्हणून पहिले काही आठवडे भरवणं, अंघोळ, झोपवणं हे फक्त आई-बाबांनी करायचं. आजी-आजोबांनी घर सांभाळावं, स्वयंपाक बघावा, बाळाकडे हसून बघावं. रडलं की प्रत्येक वेळी उचला. "हाताची सवय लागेल" म्हणणाऱ्यांना सांगा की तीच लावायची आहे.

दूध, वेळ, बाटली लगेच बदलू नका. डब्याचं दूध सूचनेप्रमाणेच करा, पातळ करू नका, करून ठेवलेलं दोन तासांपुढे वापरू नका, उरलेलं टाकून द्या. वर्षाच्या आत मध नको, चाटणातूनही नको. गुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाळाला पाठीवर झोपवा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा एक अंकी होतो, तेव्हा कपड्यांचे थर वाढवा, पण बंद खोलीत शेगडी किंवा धुरी ठेवू नका. पहिल्या आठवड्यात बालरोगतज्ज्ञाकडे लसीकरणाचं कार्ड घेऊन जा. राहिलेल्या लसी महापालिकेच्या दवाखान्यातही मोफत मिळतात. वाढीत मागे वाटलं तर जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्या, वाट बघत बसू नका.

बारसं उशिरा करा, घरच्या घरी करा. दोनशे माणसांच्या हातून फिरलेलं बाळ त्या रात्री झोपत नाही. दोन वर्षांवरचं मूल असेल तर त्याचं नाव बदलण्याआधी खूप विचार करा. त्याच्याकडे स्वतःचं म्हणून तेवढंच असतं. हवं तर जुन्या नावाला नवं जोडा.

दत्तक आईलाही बाळंतिणीसारखं खचायला होतं. झोप नाही, माया येत नाही म्हणून अपराधी वाटतं, आणि "तुला तर हवं होतं ना" हे ऐकावं लागतं. दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटलं तर डॉक्टरांना सांगा. नवऱ्याने हे लक्षात ठेवायचं.

आदेश, दाखला आणि फाइल

बाळ घरी येतं ते दत्तकपूर्व संगोपनासाठी. त्याच वेळी संस्था जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत दत्तक आदेशासाठी अर्ज करते. २०२१ च्या दुरुस्तीने हा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. महाराष्ट्रात या बदलाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं होतं, म्हणून आपला अर्ज नेमका कुठे दाखल होतो आहे हे संस्थेकडून समजून घ्या. निकालासाठी कायद्याने दोन महिन्यांची मुदत आहे. आदेश आल्यावर तुमच्या दोघांच्या नावाचा जन्मदाखला मिळतो. नाव, स्पेलिंग, तारीख तिथल्या तिथे तपासा, कारण आधार, शाळा, पासपोर्ट सगळं यावर चालतं. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजकार्यकर्त्या भेटीला येतात. प्रत्येक भेटीचं शुल्क २,००० रुपये आहे. या भेटींत अडचणी सांगा, त्या बाळ परत न्यायला येत नाहीत.

एक फाइल फक्त बाळासाठी करा. दत्तक आदेशाच्या प्रमाणित प्रती, बाल अध्ययन अहवाल, वैद्यकीय अहवाल, लसीकरणाचं जुनं कार्ड, संस्थेतले फोटो, ताईचा फोटो, पहिल्या भेटीत अंगावर होतं ते झबलं. बाळाला त्याची गोष्ट बोलू लागण्याच्या आधीपासूनच सांगायला लागा, तेल लावताना, झोपवताना. म्हणजे ‘सांगायचा दिवस’ असा वेगळा उरत नाही. गोष्टीतलं काही गाळलं तर चालेल, खोटं काही घालू नका. अठरा वर्षांनंतर मुलाला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी संस्थेकडे किंवा ‘कारा’कडे स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी पालकांसोबत करता येतो. जन्मदात्या आईची ओळख तिच्या संमतीशिवाय दिली जात नाही. त्या अर्जाला संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि आदेशाची तारीख लागते, म्हणून हे तीन तपशील फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि फाइल कुठे आहे ते घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला सांगा.